हवालदार शेलारांचा स्पीकर

हवालदारांचा स्पीकर वीरधवल दादांनी जाळला, हे मी आधीच सांगून टाकते. कारण ते स्वतः आजही छातीवर हात ठेवून सांगतात की तो आपोआप गेला.

कऱ्हाडला लागून मलकापूर आहे. तिथल्या एका पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव होता. दुपारचे चार वाजलेले, वर मंडप, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर भेट मिळालेले स्टीलचे डबे मांडीवर घेऊन बसलेले सभासद. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'स्वरधवल'. मालकाला नुसतं स्वतःचं नाव द्यायची लाज वाटली असावी, म्हणून पुढे स्वर चिकटवलेला. मी, प्रियदर्शनी, त्यात नऊ वर्षं गायले. हवालदार आकाराम शेलार गिटार वाजवायचे. वीरधवल दादा कीबोर्ड वाजवायचे, म्हणजे कीबोर्डवर हात ठेवून प्रेक्षकांकडे बघत हसायचे.

त्या दिवशी कीबोर्डचा स्पीकर टेम्पोतच बंद पडला होता. हवालदार चहाला गेलेले. दादांनी त्यांचा गिटारचा ॲम्प्लिफायर पुढे ओढला, त्यात कीबोर्डची वायर खुपसली, ड्रमच्या पॅडची वायर खुपसली, आणि होती नव्हती तेवढी बटणं उजवीकडे फिरवली. गिटारचा स्पीकर गिटारसाठी असतो. त्याच्यात ढोलाचा दणका घालायचा म्हणजे शिंगराला ऊस ओढायला जुंपायचं. दुसऱ्या गाण्याला जळका वास सुटला.

"वास कसला येतोय?" अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून विचारलं.

"कुणीतरी कचरा पेटवला असंल, साहेब," दादा माईकवरून म्हणाले.

हवालदार परत आले. खाली बसले, ॲम्प्लिफायरच्या जाळीला नाक लावलं आणि उठले.

"कुणी लावलं ह्यात?"

ड्रमवाला आपल्या काठ्या बघत होता. दादा अध्यक्षांकडे बघून हसत होते. मी वहीतलं पुढचं गाणं शोधत होते, जे मला पाठ होतं.

"कान न्हाईत यांना," हवालदार म्हणाले. "कान आसतं तर निदान जळताना वरडला त्यो ऐकू आलं आसतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. डीजेवाल्यांना कान न्हाईत, मोबाईलवर बघून गिटार लावणाऱ्यांना कान न्हाईत, प्रेक्षकांना तर कधीच नव्हते. आणि खरं सांगायचं तर बोलायचा हक्क त्यांना होता. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. विसाव्या वर्षी फौजेत भरती झाले, तिथं शिट्टीवर हुबेहूब धून वाजवतात म्हणून कोणीतरी बँडमध्ये ढकललं. एका मिझो नायकानं त्यांच्या हातात गिटार दिली. सकाळी परेडच्या मैदानावर बँड, संध्याकाळी अफसरांच्या मेसमध्ये गिटार, अशी बावीस वर्षं. निवृत्त होताना मेसचा जुना ॲम्प्लिफायर लिलावात निघाला तो त्यांनी घेतला आणि पठाणकोटपासून कऱ्हाडपर्यंत रेल्वेत पायांशी धरून आणला. आत एकच स्पीकर, बारा इंची, आठ ओहमचा. आवाज असा की मंडपातला शेवटचा माणूससुद्धा बोलणं थांबवायचा. आमच्या ऑर्केस्ट्रात ऐकण्यासारखं जे काही होतं ते त्या एका डब्यातून यायचं. माझ्या गळ्यासकट बाकी सगळं भरतीला होतं.

आता नवीन स्पीकर निवडायचा होता. आपल्याकडे आजारी माणसाला औषध आणि बंद पडलेल्या यंत्राला सुटा भाग सांगायला कोणीही पुढे येतो. वीरधवल दादा सगळ्यांच्या पुढे होते, कारण जाळलेल्या माणसाला मदतीची फार घाई असते.

"साताऱ्यात माझा दोस्त हाय, यशराज. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या करतो. त्याच्याकडनं घेऊ. पाचशे वॅट! छातीत बसतोय आवाज."

"माझ्या छातीला काय झालं न्हाई," हवालदार म्हणाले. "ॲम्प्लिफायर तीस वॅटचा हाय. त्याला पाचशेचा कशाला?"

"जास्त असल्यालं काय वाईट असतंय का?"

यशराजनं स्पीकर पाठवला. तो दोघांनी उचलून आत ठेवला. मागचं चुंबक एवढं मोठं की पेटीची मागची फळी कापावी लागली. हवालदारांनी फळी कापताना तोंड दुसरीकडे केलं होतं. मग तार छेडली. गोधडीखालून कोणी हाक मारावी तसा आवाज आला. म्हैस पाण्यात बसते तसा तो स्पीकर त्या पेटीत बसला होता, उठायला तयार नव्हता.

"ह्यो झोपलाय," हवालदार म्हणाले.

या वेळी ते बरोबर होते. आम्हा सगळ्यांना ते पटलं. दादांनाही पटलं असणार, कारण ते लगेच म्हणाले की अजून दोन-तीन कार्यक्रमांत तो खुलेल. दादांना वाटतं जगात सगळंच चपलेसारखं वापरून सैल होतं.

मग सांगलीच्या विश्रामबागेतला गोमटेश आला. म्हणजे आम्ही त्याच्याकडे गेलो. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर टांगलेल्या गिटारी, आणि तिशीचा, दाढी कोरलेला गोमटेश, जो दर वाक्यात टोन हा शब्द वापरायचा. हवालदारांच्या खिशाला सैनिकी बिल्ला बघून तो उभा राहिला आणि 'जय हिंद, सर' म्हणाला. तिथंच निम्मा व्यवहार झाला. माणूस कितीही ताठ असो, त्याला सलाम ठोकला की तो वाकतो.

"सर, हा बघा. इंग्लंडमेड. व्हिंटेज टोन. हा बोलत नाही सर, गातो."

मागे सोनेरी अक्षरांचं लेबल होतं. हवालदारांनी बोट फिरवून ते वाचलं. गोमटेशनं वायर जोडून दिली. हवालदार वाजवायला बसले, आणि हळूहळू वरच्या सुरांचं बटण, ज्याला ट्रेबल म्हणतात, शेवटपर्यंत नेलं. पत्र्यावर खिळ्यानं ओरखडा काढावा तसा आवाज माझ्या दातांत घुसला. मी नकळत कानाशी हात नेला. गोमटेशचा डावा डोळाही बारीक झालेला मी पाहिला. पण तो व्यापारी होता.

"क्या बात है, सर! तुमचे कान म्हणजे कान आहेत."

हवालदार खूश होऊन माझ्याकडे वळले. "बघ पोरी. ह्येला म्हणत्यात पारख."

पंधरा दिवसांनी तोही स्पीकर झोपला. म्हणजे हवालदारांच्या मते झोपला. तालमीत आमचे कान फुटायची वेळ आलेली आणि ते म्हणत होते, धार न्हाई, गड्यांनो, धार न्हाई. परत सांगलीला. गोमटेशनं आणखी 'ब्राइट', म्हणजे आणखी टोकदार, असा दुसरा दिला, लेबल तसंच सोनेरी. ट्रेबल पुन्हा शेवटपर्यंत. मी एकदा म्हटलं, "काका, जरा जास्त टोचतंय का?" तर म्हणाले, "तुला कीबोर्डची सवय. गूळ खाणाऱ्याला मिरची टोचायचीच."

मला त्याच सुमारास शंका आली होती. मी त्यांच्या घरी तालमीला गेले होते. आत कुकरची शिट्टी झाली. एक, दोन, तीन, चार. त्यांच्या पत्नी मनुबाई काकू मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या, त्या तिथून ओरडल्या, "आवं, गॅस बंद करा की!" हवालदार कुकरपासून सहा फुटांवर गिटारची तार पुसत बसले होते. मान वर केली नाही. मी उठून गॅस बंद केला. तेव्हा बोलायला हवं होतं. पण ज्या माणसानं जगाला बहिरं ठरवलंय त्याला कोण सांगणार? मी नाही सांगितलं. शहाणपण म्हणून नाही, भित्रेपणा म्हणून.

पलूसकडच्या एका गावात आप्पासो नावाच्या बागायतदाराच्या पंचाहत्तरीला आमचा कार्यक्रम होता. पहिल्याच गाण्यात हवालदारांची गिटार सुरू झाली आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर कानांवर घेतले. एक तान्हं मूल रडायला लागलं. सत्कारमूर्ती आप्पासोंनी शांतपणे कानातलं मशीन काढलं आणि झब्ब्याच्या खिशात टाकलं. त्या मंडपात तेवढा एकच माणूस सुखी होता.

हवालदारांनी ते सगळं स्टेजवरून पाहिलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कान न्हाईत यांना."

परतीच्या टेम्पोत हवालदार पुढे ड्रायव्हरजवळ बसले. मागे वीरधवल दादा म्हणाले, "पुढच्या महिन्यापास्नं गिटार कीबोर्डातच वाजवू. बटण दाबलं की गिटार. म्हाताऱ्याला आत्ताच काय सांगू नका." ज्यानं स्पीकर जाळला तोच आता माणूस काढत होता. ड्रमवाल्यानं मान हलवली. मीही हलवली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बेसूर गायलेय, पण त्या मान हलवण्याएवढी बेसूर कधी नव्हते.

त्याच आठवड्यात गोमटेशचा तो दुसरा स्पीकर खरंच खरखरायला लागला. टेम्पोवाल्यानं सांगितलं की सांगलीच्या गावभागात बाळगोंडा चौगुले यांचं जुनं दुकान आहे, स्पीकरचा थरथरणारा कागद नवा चढवतात, त्यांना दाखवा. हवालदार तिकडे निघाले त्याच दिवशी मला विश्रामबागेतल्या एका शाळेत संगीतशिक्षिकेच्या मुलाखतीला जायचं होतं. मुलाखत आटोपून मी हवालदारांबरोबर गेले. ॲम्प्लिफायर त्यांनी कोणाला उचलू दिला नाही.

दुकान म्हणजे एक बोळ आणि बोळाच्या तोंडाशी टेबल. टेबलामागे बाळगोंडा अण्णा पेपर वाचत बसलेले. हवालदारांनी त्यांना सगळा इतिहास सांगितला. मेस, लिलाव, पाचशे वॅट, इंग्लंड. अण्णांनी पेपर खाली ठेवून सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "मला कशाला सांगतासा? स्पीकर तिचा विषय हाय. मी पावती फाडतो."

आत, खिडकीच्या उजेडात, पन्नाशी उलटलेली एक बाई बसली होती. बोटांना वाळलेला गोंद, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. गुणमाला आक्का. सासऱ्यांकडून काम शिकल्या होत्या, तीस वर्षं करत होत्या, आणि तीस वर्षं येणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर उभा राहून त्यांच्या नवऱ्याशी बोलत होता. हवालदारांनीही तेच केलं. मान अण्णांकडे वळवून म्हणाले, "ह्यांना जमंल का?"

आक्कांनी ॲम्प्लिफायर स्वतःकडे ओढला. स्पीकर बाहेर काढला, दोन्ही तळव्यांनी त्याचा कागद हलकेच आत दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग उलटा करून ते सोनेरी लेबल नखानं उचकटलं. चटकन निघालं. खाली दुसरं, छापील, साधं लेबल होतं. शाळा-कॉलेजांच्या सभागृहात लावतात तसल्या देशी स्पीकरचं.

"इंग्लंडला जाऊन आला असंल," आक्का म्हणाल्या, "पर पासपोर्ट दिसत न्हाई."

बाहेरून अण्णा खुदकन हसले. हवालदारांच्या मानेची शीर ताठ झाली.

"लेबल खोटं असंल. पर दोष त्यो न्हवं. मूळ दोष म्हंजे सगळे झोपल्यात. तीन स्पीकर बदलले. एकालाबी धार न्हाई."

"ह्याला धार न्हाई?" आक्कांनी चष्म्यावरून बघितलं. "ह्याला लय धार हाय. उलट ह्यो गिटारचा स्पीकरच न्हवं. गिटारच्या स्पीकरनं वरचं वरचं सोडून द्यायचं असतंय. ह्यो सगळं बोलतोय." मग त्या उठल्या. "थांबा. कॉइल कुठं घासतीया ते बघू."

त्यांनी मोबाईलची वायर ॲम्प्लिफायरला जोडली. मोबाईलमधून एकच सूर निघाला, खालचा, घुमणारा. तो हळूहळू वर चढत जायचा. कुठल्या सुराला स्पीकर खरखरतो ते त्यावरून कळतं, असं त्या म्हणाल्या. सूर चढत गेला. एका जागी स्पीकर खरखरला, आक्कांनी मान हलवली, सूर आणखी वर गेला. आता तो बारीक आणि टोकदार झाला. मी दात आवळले. अण्णांनी बाहेरून पेपर फडफडवला, "अगं, बास की!"

हवालदार स्पीकरकडे बघत उभे होते, वाट बघत.

"पुढं वाजवा की," ते म्हणाले. "का थांबलासा?"

"थांबले न्हाई," आक्का म्हणाल्या.

"म्हंजे?"

"वाजतंय."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात कानांवर होते. मी ते खाली घ्यायला हवे होते, पण आवाज सहन होत नव्हता. आक्कांनी मोबाईल बंद केला. माझे हात खाली आले. हवालदारांच्या दृष्टीनं खोलीत काहीच बदललं नव्हतं. शांत होतं, शांतच राहिलं होतं.

"मशीन बिघडलंय तुमचं," ते म्हणाले.

"व्हय, मशीन बिघडलं असंल," आक्का म्हणाल्या. "बँडात होतासा न्हवं? किती वर्सं?"

"बावीस."

"तुमच्या मागं काय वाजायचं?"

"ट्रम्पेट." मग थोडं थांबून, "चार."

"कुठल्या कानाशी?"

त्यांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला होता. तो त्यांनी खाली घेतला, उचकटलेलं लेबल खिशात टाकलं, स्पीकर तिथंच सोडून ॲम्प्लिफायर उचलला आणि बोळातून बाहेर पडले.

टेम्पोनं इस्लामपूर मागे टाकलं. मग समोर रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "कवापास्नं म्हायती हाय तुला?"

खोटं बोलावंसं वाटलं. "दोन महिने," मी म्हणाले. "कुकरच्या दिवसापास्नं."

"आन् त्यांस्नी?"

"सगळ्यांनाच टोचत होतं, काका. पण कोणी... "

"कोणी बोललं न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फौजेत बाजूच्या माणसाचा बूट सुटलेला दिसला तर सांगत्यात, पोरी. शत्रू असला तरी सांगत्यात. मी बेसूर वाजवत होतो, लोक कान झाकत होते, आन् तुमी माझ्या शेजारी हुबं राहून गात होता."

मेढ्याचा तो माणूस तोवर जगातल्या सगळ्यांना तुच्छ लेखत आला होता, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते अन्यायाचं होतं. माझ्या बाबतीत ते पहिल्यांदा अचूक लागलं. कऱ्हाडच्या पुलापर्यंत मी खिडकीबाहेर ऊस बघत राहिले.

तीन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. मनुबाई काकूंनी उचलला. त्यांनी हवालदारांना साताऱ्याला नेऊन कान तपासून आणले होते. वरचे सूर दोन्ही कानांना जवळजवळ गेलेले, डाव्याचे जास्त, आणि गेलेले परत येत नाहीत. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, ते घालून गिटार वाजवली तर मशीनच शिट्टी मारायचं.

"मला वाटायचं माझं ऐकायचंच न्हाई म्हणून ऐकत न्हाईत," काकू फोनवर म्हणाल्या. "बारा वर्सं मी भांडले बग. निम्मी भांडणं फुकट गेली."

चौथ्या आठवड्यात हवालदारांचाच फोन आला. "शनिवारी सांगलीला यायचं. कान घेऊन ये."

या वेळी काकूही होत्या. जाताना हवालदारांनी विश्रामबागेत रिक्षा थांबवायला लावली. गोमटेशच्या दुकानात शिरले नाहीत. खिशातून ते सोनेरी लेबल काढलं, थोडा गोंद लावला आणि बाहेरच्या काचेवर, डोळ्यांच्या उंचीला, नीट दाबून चिकटवलं. आतून गोमटेश बघत होता. त्यानं 'जय हिंद' म्हटलं नाही.

गावभागात अण्णांनी पेपर बाजूला ठेवायच्या आत हवालदार थेट आत गेले आणि आक्कांसमोर उभे राहिले.

"मला कळणार न्हाई. तुमी निवडा."

"मी निवडून काय उपयोग? वाजवणार तुमी. तुमी वाजवा, तोंडं आमची बगा."

आक्कांनी तीन स्पीकर काढून ठेवले होते. तिन्ही आठ ओहमचे, कारण त्या म्हणाल्या, ओहम चुकला तर ॲम्प्लिफायरचा जीव जातो, तिथं हौस नको. वॅटचं विचारलं तेव्हा हसल्या. "वॅट म्हंजे त्यो किती सोसतोय ते. किती बोलतोय ते न्हवं. न्हाईतर सगळ्या सुना लाऊडस्पीकर झाल्या असत्या." बाहेर अण्णांनी पेपर फार वर धरला.

काकू खुर्चीवर बसल्या. संगीताशी त्यांचा संबंध एवढाच की घरात ते वाजायचं आणि त्यांना काम करू द्यायचं नाही. म्हणूनच त्यांना आणलं होतं. हवालदारांनी तिन्हींवर तेच वाजवायचं ठरवलं, एक साधी चाल, मेसमध्ये वाजवायचे ती. ते भिंतीला पाठ लावून बसले आणि तारांकडे न बघता आमच्या तिघींच्या तोंडांकडे बघत वाजवू लागले. कोर्टात उभं केल्यासारखं वाटत होतं. लपवायला जागा नव्हती, आणि मागे लपवलेलं आठवून मी तोंडावर जे येईल ते येऊ दिलं.

पहिल्या स्पीकरला माझी भुवई वर गेली. त्यांनी मधेच थांबवलं. "काढा."

दुसरा बरा होता. मी मान डोलावली, आक्कांनी 'हम्म' केलं. काकूंनी विचारलं, "आवं, पाचची गाडी मिळंल ना?" हवालदारांनी हात तारांवर ठेवून आवाज बंद केला. "काढा. हिला गाडी आठवली."

तिसरा दिसायला सगळ्यात गरीब होता. एका जुन्या, मोडीत निघालेल्या पेटीतून काढलेला, चाळीस वॅटचा, पातळ कागदाचा. काठाला आक्कांनी स्वतः नवी पट्टी चिकटवलेली. हवालदार वाजवू लागले. चाल संपली, त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून घेतली. काकूंना या वेळी गाडी आठवली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, ते गुंडाळायचं थांबलं. बाहेर अण्णा आपलं टेबल सोडून दारात येऊन उभे राहिले.

"ह्योच," आक्का म्हणाल्या.

हवालदारांना त्यातलं निम्मंही ऐकू येत नव्हतं हे मला माहीत होतं. ते खाली बघून एवढंच म्हणाले, "मला तर ह्योबी झोपलेलाच वाटतोय."

"वाटू दे," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक बटणापाशी एकेक ठिपका दिला. "हितनं पुढं जायचं न्हाई. हात शिवशिवला तरी न्हाई."

हवालदारांच्या ॲम्प्लिफायरवर बाईमाणसाच्या नेलपॉलिशचे ठिपके! चार महिन्यांपूर्वी त्यांनी ही गोष्ट दुसऱ्या कोणाबद्दल ऐकली असती तर आठवडाभर हसले असते. त्यांनी वाकून ठिपके मोजले आणि "बरं" म्हणाले.

इथं गोष्ट गोड व्हायला हरकत नव्हती. पण वीरधवल दादा अजून शिल्लक होते.

हवालदारांची गिटार परत बोलायला लागली हे एका तालमीत सगळ्यांच्या लक्षात आलं. दादा म्हणाले, "मी म्हणतच होतो, स्पीकरचाच दोष." कानांचं मीच त्यांना सांगितलं. हवालदारांना सांभाळून घ्या, बटणांना हात लावू नका, एवढ्यासाठी सांगितलं. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी कशाचं होतं ते साताऱ्याच्या कार्यक्रमात कळलं.

सभागृहाच्या दारात वीस फुटी फ्लेक्स होता. मध्ये हवालदारांचा फौजेच्या गणवेशातला फोटो, मागे तिरंगा, तोफा आणि का कुणास ठाऊक, एक वाघ. वर मोठ्या अक्षरांत, 'देशासाठी कान दिले! कर्णबधिर वीर जवान गिटारवादक!' खाली कोपऱ्यात कीबोर्डसह हात जोडलेले दादा, जवानापेक्षा थोडे मोठे.

हवालदारांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. वाघापाशी जरा थांबले.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काका, लोक रडणार बघा आज!" दादा म्हणाले. "सगळी तिकिटं गेली. तुमचं नाव कुठल्या कुठं जाईल."

"मी कान देशासाठी दिले न्हाईत. ट्रम्पेटवाल्याच्या पुढं हुबं राहायची ड्यूटी होती, तितं गेले. देशानं मागितले न्हवते."

"पण काका, भावना..."

"मी बेसूर वाजवत होतो तवा तू मला काढणार होतास, हिनं सांगितलंय मला. आता बहिरा म्हणून ठेवतोस. मी गिटार वाजवतो, एवढं एकदा तरी लिही की रं."

ते आत गेले, स्टेजवरून वायर काढली, गुंडाळली, ॲम्प्लिफायर उचलला. त्या पायऱ्या ते एकटे उतरत होते. मी माईकपाशी उभी होते, साडी नेसून, केसांत गजरा, पहिलं गाणं माझंच. पुष्कळ उशीर झाला होता तरी मी उतरले आणि पेटीची दुसरी कडी धरली. ते नको म्हणाले नाहीत. दादा मागून ओरडत होते की हा विश्वासघात आहे. रिक्षात बसेपर्यंत आत कीबोर्डातून गिटार वाजायला लागली होती, आणि टाळ्याही पडत होत्या. लोकांना काहीही चालतं.

त्याला दोन वर्षं झाली. शाळेतली नोकरी मला मिळाली, मी सांगलीला राहते. 'स्वरधवल' जोरात चालू आहे, आता त्यात धूर सोडायचं यंत्र आहे. हवालदार आणि मी महिन्यातून एक-दोन कार्यक्रम करतो, छोटे, बारसं, साठी, एखाद्या वाचनालयाचा वर्धापनदिन. दोघंच. ते माझ्यासमोर बसतात, आवाज टोचला तर मी डावा हात उचलते, ते बटण मागे घेतात. हे त्यांना मनापासून आवडत नाही. स्वभाव बदललेला नाही. आयोजकांना कान न्हाईत, मंडपवाल्याला कान न्हाईत, हे चालूच असतं. डॉक्टर म्हणतात हळूहळू आणखी कमी होईल. ते म्हणतात डॉक्टरला काय कळतंय.

परवा मिरजेला एका साठीसमारंभात वाजवलं. लोक बरे होते, शेवटपर्यंत बसले. जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ माझ्यापाशी येऊन, फार छान गाता, म्हणाले. मी हसून आभार मानले. शेजारी हवालदार जिलेबी मोडत होते.

"दुसऱ्या कडव्याला सुराच्या खाली उतरलीस," ते म्हणाले. "तुझा आवाज अजून सगळा येतोय मला. म्हणून सांगतो."